हरकत क्रमांक सत्तेचाळीस

मा. मुख्याधिकारी यांस,
जाहीर सूचना वाचली.
बंदर-किनारा आणि स्टेडियम, एकत्रित पुनर्विकास,
हरकती तीस दिवसांत.
आज एकोणतिसावा.
मी उशीर करणाऱ्यातला नव्हे,
वही सापडत नव्हती.

गटारांना हरकत नाही.
दिव्यांना तर नाहीच.
ब्याऐंशीची अंतिम फेरी आम्ही
होड्यांवरच्या पेट्रोमॅक्सवर संपवली,
आणि शेवटची धाव पुरी झाली की नाही
हे वेंगुर्ल्यात अजून दोन प्रकारे सांगतात.
वहीत एकच प्रकार आहे.

नकाशात मैदानाची दक्षिण बाजू सरळ दाखवलीय.
ती सरळ कधी नव्हती.
अमावास्येला पाणी फाइन लेगला येऊन उभं राही
आणि पंच पँट दुमडून त्याच्या शेजारी.
आमचा नियम असा:
भरतीत चेंडू पाण्यात गेला तर दोन.
ओहोटीत गेला तर सापडेपर्यंत पळा.
लुईस आल्मेडा अकरा पळाला.
गुडघाभर चिखलात तिघे चाचपडतायत,
शिरोड्याचा कप्तान शिव्या घालतोय,
आणि बाराव्याला लुईस हसता हसता पडला, धावचीत.
अकरा. माझ्या अक्षरात आहेत.

सामना नसेल तेव्हा पायऱ्यांवर बांगडा सुकतो.
खालच्या तीन पायऱ्या सुंद्राबाई गिरप यांच्या,
वरच्या ज्याला मिळतील त्याच्या.
सुंद्राबाईंकडे कागद नाही.
मीठ आहे, चाळीस वर्षं सिमेंटात मुरलेलं.
पुराव्यादाखल पायरी चाटून बघावी.

तिथं आता व्ह्यूइंग डेक.
त्याचं रंगीत चित्र माझ्या भाचीनंच काढलंय, उर्वीनं,
हे लपवणं बरं नव्हे.
रात्री अकराला तिचा फोन:
"मामा, दर्याक रंग खंयचो देऊ?"
म्हटलं, महिना कुठला?
म्हणाली, महिना नाही, फाइल उद्या द्यायचीय.
निळा दिला तिनं. चांगला दिलाय.
श्रावणात तो चहासारखा असतो हे तिलाही ठाऊक,
त्यातच पाय धुऊन ती शाळेत गेलीय.
चित्रात माणसं बेचाळीस.
(मोजायची सवय जात नाही.)
त्यातलं एकही
कुणाची वाट बघत नाहीय.

माहिती-सभेत साहेब म्हणाले, एका वाक्यात बोला.
सुंद्राबाई उठल्या:
"माजी पाटी खंय ठेवू, ता आदी सांगा."
बाजूच्या कारकुनानं टिपून घेतलं,
मी वाकून वाचलं:
पार्किंगबाबत विचारणा.

मी गुणलेखक.
बाद की नाबाद ते पंचांनी ठरवायचं,
घडलं ते मी लिहितो. पाऊस, भांडणं,
कुत्रा मैदानात, आणि पाण्यानं खेळ थांबला तर तेही.
वही शोधली ती त्यासाठी.

एकोणऐंशी, माघ अमावास्या. खेळ थांबला. पाणी पायरीच्या पायथ्याशी.
चौऱ्याण्णव. खेळ थांबला. पहिली पायरी बुडाली.
दोन हजार अकरा. पाणी तिसरीवर.
त्या दिवशी सुंद्राबाई पाट्या घेऊन चौथीवर आल्या,
तिथल्या बायका सरकल्या,
कुणी काही बोललं नाही.
(हे वहीत नाही. मला आठवतं.)
गेल्या वर्षी चौथी.
तेव्हा सामनाच नव्हता,
मी नुसताच वही घेऊन बसलो होतो.

डेक कितव्या पायरीवर येणार
हे नकाशात कुठे दिसलं नाही.
चष्मा बदलून पाहिलं.

हरकत म्हणाल तर एवढीच.

वही सोबत जोडलेली नाही.
झेरॉक्सवाला म्हणतो, पानं सुटतील.
बघायची असल्यास घरी यावं,
चारनंतर मी असतो.
मात्र ओहोटी बघून निघा,
आमचा रस्ता खालचा आहे.

आपला,
पुरुषोत्तम मोर्जे